तलाव बांधील त्याची जमीन

अद्भुतरम्य कथेत परलोकातून पाचारण केलेल्या वीराने काय करावे, हे बहुधा आधीच ठरलेले असते. त्याने खड्ग उपसावे, दैत्यराजाचा वध करावा आणि राजकन्येचे पाणिग्रहण करून सिंहासनावर आरूढ व्हावे, असा तो क्रम आहे. दोज्योमारू या नावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाच्या कादंबरीमालेवरून जे. सी. स्टाफ या संस्थेने २०२१ च्या जुलैपासून जी अ‍ॅनिमे मालिका प्रसृत केली, आणि जी 'हाऊ अ रिअ‍ॅलिस्ट हीरो रिबिल्ट द किंगडम' या इंग्रजी नावाने आपल्याकडील तरुणांच्याही परिचयाची झाली, तिच्यात मात्र हा क्रम आरंभीच मोडला जातो. एल्फ्रीडेन नावाच्या काल्पनिक राज्यात ओढून आणलेला सोमा काझुया हा जपानातील एक सामान्य विद्यार्थी असून सरकारी सेवेत शिरावे एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. त्या राज्याला एका बलाढ्य साम्राज्याचा तगादा लागलेला, खजिना रिता झालेला आणि रयत अर्धपोटी राहिलेली. सोमा तलवार मागत नाही. राज्य प्रथम संपन्न झाले पाहिजे आणि मगच सामर्थ्यवान, असा हिशेब तो राजापुढे मांडतो, आणि तो ऐकून वृद्ध राजा आल्बर्ट आपले सिंहासनच त्याच्या स्वाधीन करतो. त्यानंतरचा पुष्कळसा काळ या वीराने कागदांच्या ढिगाऱ्यात, जमाखर्च तपासण्यात आणि राजखजिन्यातील कोणती वस्तू विकण्याजोगी व कोणती जतन करण्याजोगी याची छाननी करण्यात घालविला आहे.

या राज्यातील अन्नटंचाईचे जे कारण कथेत दिले आहे, ते वाचून विदर्भातील वाचक क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. दैत्यांच्या आक्रमणामुळे कापसाची मागणी वाढली, भाव चढले, म्हणून शेतकऱ्यांनी धान्याची जमीन कापसाखाली आणली, आणि पुढे पैसा हाती असूनही बाजारात धान्य मिळेना, असे ते कारण आहे. यावर सोमा दोन उपाय योजतो : नगदी पिकांकडून अन्नधान्याकडे शेतकऱ्याला वळविण्याचा, आणि पीक हाती येईपर्यंत लोकांना जगविण्याचा. दुसऱ्या उपायासाठी त्याला स्वतःजवळ नसलेले ज्ञान लागते. तेव्हा तो राज्यभर दवंडी पिटवून गुणिजनांना बोलावतो, आणि त्या मेळ्यातून पोंचो नावाचा, खादाडपणाबद्दल लोकांच्या हेटाळणीचा विषय झालेला एक स्थूल गृहस्थ त्याच्या दृष्टीस पडतो. या मनुष्याने देशोदेशी फिरून जे जे खाद्य तेथील लोक खातात ते ते चाखलेले होते. एल्फ्रीडेनचे लोक ज्यांना हात लावीत नसत असे जलचर, कंद आणि मुळे अन्न म्हणून कशी वापरावीत हे त्याला ठाऊक होते. त्याला राजा अन्नमंत्री नेमतो.

माझ्या मते संपूर्ण कथेतील सर्वांत सत्य असा प्रसंग हाच आहे. सोमाच्या मस्तकात आधुनिक जपानमधून आलेले ज्ञान आहे आणि मॅकियाव्हेलीच्या 'द प्रिन्स' या ग्रंथाचे त्याला सतत स्मरण होते, हा कथेचा सांगाडा झाला. प्रत्यक्ष राज्ये अशा एका सर्वज्ञ मस्तकाच्या बळावर उभी राहिल्याचे दाखले इतिहासात विरळा. परंतु ज्याला एखादी गोष्ट खरोखर करता येते अशा मनुष्याला शोधून काढणे, त्याला आपल्या मुलखात आणून वसविणे आणि त्याच्या श्रमाचे फळ त्याच्या वंशजांना मिळेल असा पक्का हक्क त्याला लिहून देणे, या मार्गाने उजाड प्रदेश समृद्ध झाल्याचा दाखला पाहावयाचा असेल तर नागपूरकराला जपानच्या कल्पनासृष्टीत जाण्याची आवश्यकता नाही. भंडाऱ्याच्या रस्त्याने पूर्वेकडे निघावे आणि मौदा ओलांडावे.

मौदा हे कन्हान नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. आज बाहेरच्या जगाला ते राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमच्या २,३२० मेगावॅट क्षमतेच्या वीजकेंद्रामुळे माहीत आहे, आणि त्या केंद्राला लागणारे पाणी गोसेखुर्द धरणातून येते. पण भूगोलाच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व निराळे आहे. नागपूरच्या पश्चिमेकडील काळ्या जमिनीचा, कापूस-ज्वारी-संत्र्यांचा मुलूख या बाजूस संपत येतो आणि धानाचा मुलूख सुरू होतो. येथून पुढे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतून, जो झाडीपट्टीचा विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे, त्यात लहानमोठे मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी दप्तरात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि लोकांच्या तोंडी ते 'मामा तलाव' झाले आहेत.

या प्रदेशात पाऊस काही थोडा पडत नाही. वर्षाकाठी हजार मिलिमीटरांहून तो अधिकच भरतो. मग एवढे तलाव कशासाठी, असा प्रश्न परक्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. धान हे पीक एकूण पावसावर जगत नाही, ते वेळेवर मिळालेल्या पाण्यावर जगते. मृग-आर्द्रात रोपांसाठी पऱ्हे टाकले आणि आषाढात रोवणीच्या ऐन घटकेला पावसाने ओढ दिली, तर पऱ्हे वाफ्यातच जून होऊन जाते. रोवणी साधली, पीक तरारले, आणि आश्विनात धान निसवण्याच्या सुमारास हस्ताचा पाऊस चुकला, तर लोंबी पोचट राहते. वर्षभराच्या श्रमांचे यशापयश अशा दोनतीन पाण्यांवर अवलंबून असते. जून ते सप्टेंबर वाहून जाणारे पाणी डोंगराच्या कुशीत अडवून आश्विनापर्यंत राखता आले, म्हणजे धानाचे पीक दैवाधीन राहत नाही. आणि पीक दैवाधीन नसले की महसूलही दैवाधीन राहत नाही. राज्यकर्त्याला जे कळावयास हवे ते एवढेच होते. परंतु पाणी कोठे अडवावे, पाळ किती उंच घालावी, माती कोणती वापरावी आणि पूर आला असता पाळ फुटू नये म्हणून सांडवा कोणत्या अंगास काढावा, हे कोणत्याही राजाला सिंहासनावर बसून कळण्यासारखे नव्हते.

ते कोहळ्यांना कळत होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींविषयी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समाजाची जी आख्यायिका नोंदविली आहे, तिच्याप्रमाणे चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील काही लोकांचे बांध व तलाव घालण्याचे कौशल्य त्याच्या नजरेत भरले, आणि त्याने त्यांना आग्रहपूर्वक आपल्या राज्यात आणून वसविले. तेच कोहळ्यांचे पूर्वज होत. आख्यायिकेला इतिहासाचे प्रमाणपत्र मागू नये. पण एका समाजाने आपली उत्पत्ती सांगताना कोणा देवाचे किंवा योद्ध्याचे नाव न घेता राजाने आपल्याला आपल्या विद्येसाठी बोलावून आणले असे सांगावे, यात त्या समाजाचा आत्मसन्मान कशावर उभा होता हे स्पष्ट दिसते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विशाल जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते, आणि डोंगरांच्या वेढ्यातील त्या पाण्यापुढे उभे राहिले असता, ज्या काळी भूमापनाची आजची यंत्रे नव्हती त्या काळी नेमक्या कोणत्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली म्हणजे एवढे पाणी थांबेल हे या मनुष्याने कसे हेरले असेल, या विचाराने मन थक्क होते.

कोहळ्यांच्या तलावाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. तलाव म्हणजे खणलेला खड्डा नव्हे. जमिनीचा नैसर्गिक उतार हेरून, दोन उंचवट्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून केलेली ती साठवण असते. पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले तुडुम असते. त्याच्या प्रत्येक पायरीला छिद्र असते आणि ते बुचाने बंद केलेले असते. सर्वांत वरचे बूच काढले म्हणजे वरच्या थराचे पाणी तेवढे नळीवाटे पाटात उतरते. ते संपले की खालचे बूच, आणि मग त्याच्या खालचे. यामुळे एकाच वेळी पाण्याचा सारा भार नळीवर येत नाही, पाळीला धोका पोचत नाही, आणि मुख्य म्हणजे तलावात पाणी किती उरले आहे व ते धानाच्या किती बांध्यांना पुरेल याचा हिशेब पायऱ्या मोजून कोणालाही करता येतो. तलाव भरून वाहू लागला म्हणजे सांडव्यावरून निघालेले पाणी वाया जात नसे. ते खालच्या अंगाच्या दुसऱ्या तलावात आणि तेथून तिसऱ्या तलावात किंवा एखाद्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाऊन पोचे. अशा साखळ्याच्या साखळ्या या प्रदेशात आजही दाखविता येतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळातला सुपीक गाळ काढून बांध्यांत पसरावयाचा, त्याने तलावाची खोली राखली जाई आणि शेताला खत मिळे. पाळीची डागडुजी, पाटाची सफाई आणि पाण्याची वाटणी ही कामे गावाने आपसात वाटून घेतलेली असत, आणि पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला तर तो गावातच मिटे.

आता राजाकडे वळू. चांद्याच्या गोंड राजांविषयी मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालात ज्या परंपरा नोंदविल्या, त्यांत हीरशहा राजाच्या धोरणाचे वर्णन येते. जो अरण्य तोडून जमीन लागवडीस आणील त्याची ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असे ते धोरण होते. तलाव बांधण्याच्या मोबदल्यात दिलेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूरच्या परिसरात ते नाव वस्त्यांना आणि गावांना अद्यापि चिकटलेले आहे.

या एका वाक्याच्या सनदेत राज्यकारभाराचे जे शहाणपण साठविले आहे, त्याचा उलगडा सावकाश केला पाहिजे. राजाच्या खजिन्यातून एक पैसा बाहेर पडत नाही. तलाव कोठे व्हावा हे दरबारातला कारभारी ठरवीत नाही. ज्याला आपल्या घामाने पाळ घालावयाची आहे तोच ठरवितो, आणि त्याने चुकीची जागा निवडली तर पाळ फुटल्याचे नुकसान त्यालाच सोसावे लागते, म्हणून तो जागा निवडताना आपले सारे ज्ञान पणाला लावतो. पाणी जितके दूर पोचेल तितकी जमीन मिळणार असल्यामुळे तलाव मोठा आणि पाट लांब करण्यात त्याचा स्वार्थ असतो. जमिनीचा हक्क वंशपरंपरेचा असल्यामुळे नातवाच्या काळी तलाव गाळाने भरू नये, याची चिंता आजोबाच करतो. आणि ज्या ठिकाणी पूर्वी वाघरांचे राज्य होते तेथे धान पिकू लागल्यावर राजाचा महसूल आपोआप वाढतो. हीरशहाला तलावाचे शास्त्र अवगत नव्हते. त्या शास्त्राच्या जाणत्याला कसे वागवावे याचे शास्त्र मात्र त्याला पूर्ण अवगत होते. सोमा काझुयाने पोंचोला मंत्रिपद दिले, ते योग्यच केले. परंतु मंत्रिपद राजाच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि हीरशहाने दिलेली भिजणारी जमीन कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नव्हती.

मौद्याचा प्रदेश चांद्याच्या नव्हे, देवगडच्या गोंड राज्याच्या छायेत वाढला. तेथील बख्त बुलंद हा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आलेला राजा औरंगजेबाच्या दरबारी जाऊन आला आणि तेथील नगरे, बाजार व शेती पाहून आपल्या राज्यातही तसे व्हावे अशा ध्यासाने परतला. राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वाड्या एकत्र करून त्याने नागपूर शहराची स्थापना केली. १७०२ हे त्या स्थापनेचे वर्ष रूढ आहे. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. तोच पुढे शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर झाला. परंतु बख्त बुलंदाची खरी कामगिरी शहराबाहेर झाली. त्याने चहूकडून उद्यमी शेतकरी आणि कारागीर बोलावून आणले, हिंदू व मुसलमान असा भेद न करता त्यांना कामे दिली, आणि त्याच्या कारकिर्दीत नवी गावे मोठ्या संख्येने वसली. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ साली नागपूर राज्याविषयी जो विस्तृत अहवाल लिहिला, त्यात पुढील मराठी अंमलाच्या यशाचे बरेचसे श्रेय या गोंड राजाने घातलेल्या पायाला दिले आहे. परकीय सत्तेच्या प्रतिनिधीने, एक राज्य आपल्या ताब्यात असताना, त्याच्याही आधीच्या राज्याची अशी पावती द्यावी, हे मला महत्त्वाचे वाटते.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा उपस्थित झाला, त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना साहाय्यार्थ बोलावले, आणि १७४३ पर्यंत राज्याची सूत्रे भोसल्यांच्या हाती गेली; १७५१ साली चांद्याचे राज्यही त्यांनी घेतले. भोसल्यांच्या अंमलाचा इतिहास सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र दुसऱ्या रघूजींच्या काळात जे घडले ते या विषयाशी निगडित आहे. १८०३ च्या युद्धात अडगाव आणि गाविलगड येथे पराभव झाला, देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेपलीकडील वऱ्हाड गेले, उत्पन्नाचा मोठा भाग नाहीसा झाला, पण खर्च मात्र पूर्वीचाच राहिला. तेव्हा उरलेल्या मुलखातून ती तूट भरून काढण्याचा जो सपाटा सुरू झाला, त्यामुळे लोक आपल्या राजाला 'बडा बनिया' म्हणू लागले. रयतेची कोणती वस्तू किती किंमतीची आहे हेही एक प्रकारचे ज्ञानच होय, आणि त्या ज्ञानात दरबार निष्णात झाला. परंतु पाटलावर दरवर्षी नवा आकार बसू लागला की पाळ दुरुस्त करण्यासाठी त्याच्या हाती काही उरत नाही.

मराठी राज्यपद्धतीला याहून वेगळी दृष्टी अपरिचित होती असे मात्र नव्हे. प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवछत्रपतींचे जे पत्र गेले, त्यात गावोगाव फिरून, कोणाजवळ मनुष्यबळ आहे पण बैल नाहीत, कोणाजवळ बैल आहेत पण बी नाही, हे पाहून ज्याला जे नाही ते देण्याची, आणि दिलेल्या रकमेवर व्याज न घेता कुवत येईल तसतशी मुद्दल हळूहळू उगवून घेण्याची आज्ञा आहे. त्यासाठी सरकारी खजिन्याला झळ लागली तरी चालेल, अशीही मुभा तीत दिलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' तर, सोमाच्या हाती मॅकियाव्हेली असावा तसे, कोणत्याही मराठी राज्यकर्त्याच्या उशाशी असावयास हवे. त्यात राजनीतीची तत्त्वे आहेतच. पण किल्ला बांधण्यापूर्वी जागेवर पाणी आहे की नाही ते पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या धडाक्याने झरे आटतात म्हणून जादा टाकी खोदून ठेवावीत, दारूचे कोठार घरांपासून दूर असावे, आणि आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्याफणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, कारण ती झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, असे जे बारकावे त्यात येतात, ते ज्याने स्वतः किल्ले राखले आणि राज्य बुडता बुडता सावरले अशाच मनुष्याच्या लेखणीतून उतरू शकतात.

कापसाची गोष्ट अर्धवट राहिली आहे. एल्फ्रीडेनच्या दुर्भिक्षाचे जे कारण कादंबरीकाराने कल्पिले, ते वऱ्हाडात प्रत्यक्ष घडले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत आली. आणि ज्वारीच्या जमिनी कापसाखाली जाऊ लागल्या. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, ती याच कापसाच्या बळावर. गाडीने कापूस बाहेर जाई, गहू आणि जवसही बाहेर जाई. पूर्वी गावोगाव पेवांत दोनतीन वर्षांची ज्वारी साठविलेली असे; तिच्या जागी हातात रोकड आली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत रोकडीची किंमत धान्याच्या मानाने किती झपाट्याने घसरते याचा अनुभव मजुरांना आणि लहान शेतकऱ्यांना आपल्या प्राणांची किंमत देऊन घ्यावा लागला. एल्फ्रीडेनमध्ये राजा हातातली पिके बदलवू शकला, कारण तेथे सत्ता आणि रयत यांचा स्वार्थ एक होता. वऱ्हाडात पिके ठरविणारी सत्ता मँचेस्टरच्या बाजाराकडे पाहत होती.

धानाच्या पट्ट्यात त्याच काळात दुसरे स्थित्यंतर झाले. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर डलहौसीने नागपूर राज्य खालसा केले आणि १८६० नंतरच्या जमाबंदीत, पूर्वी महसूल गोळा करून देणाऱ्या पाटलांना गावाची मालकी देऊन मालगुजार बनविले. तलाव मालगुजाराचे झाले. त्यांतील कित्येकांनी रयतेला पिळले आणि वेठबिगार घेतली हे खरे आहे, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही; पण तलाव त्यांच्या डोळ्यांसमोर होते, त्यांची स्वतःची शेती त्या पाण्यावर भिजत होती, म्हणून बहुतेकांनी तलाव राखले. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्यप्रदेश राज्याच्या विधिमंडळाने १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. रयतेला जमीन मिळाली, हे त्या कायद्याचे न्याय्य आणि थोर फळ होय, आणि त्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांचे ऋण विसरता कामा नये. परंतु तलाव सरकारजमा झाले, आणि येथेच हीरशहाच्या सनदेतील ग्रंथी सुटली. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. ज्याने पाळ फुटू दिली तर स्वतःचे शेत वाहून जाईल असा जबाबदार मनुष्य पाळीवर उरला नाही. कार्यकारी अभियंता बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. गाळ काढणे हे अंदाजपत्रकातील शीर्ष झाले, तुडुमाच्या जागी लोखंडी दार बसले, ते गंजले की मंजुरीची वाट पाहणे आले, आणि तळी उथळ होत गेली. पाणलोटात झाडी तुटली, त्यामुळे गाळ अधिकच येऊ लागला. कित्येक तलावांच्या पोटात अतिक्रमणाचे धुरे पडले.

मौद्याच्या बाजूस पेंच प्रकल्पाचे कालवे आले आणि गोसेखुर्दच्या कामाचा आरंभ १९८८ साली झाला, त्यामुळे जुन्या तलावांकडे पाहण्याची गरजच उरली नाही असे काहींना वाटले. मोठे धरण आणि गावतळे यांची तुलना करून एकाला दोष देण्यात अर्थ नाही. मौद्याचे वीजकेंद्र गावतळ्यावर चालणार नाही हे उघड आहे. परंतु कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत येत नाही ही तक्रार ज्या गावात ऐकू येते, त्याच गावाच्या वरच्या अंगाला बहुधा एक गाळाने भरलेला मामा तलाव पडून असतो, आणि त्या तलावाचे पाणी एके काळी नेमक्या त्याच शेतांना मिळत होते.

गेल्या काही वर्षांत या तलावांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. २०१७ सालापासून राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना हाती घेतली, तिच्यात कोहळ्यांचा जुनाच विचार नव्या नावाने आला आहे. शेतकऱ्याने स्वखर्चाने गाळ वाहून न्यावा आणि तो उपसण्याच्या खर्चाला शासनाने हातभार लावावा, असे तिचे मूळ स्वरूप होते. पाणीवापर संस्थांना सिंचनाचे व्यवस्थापन सोपविणारा कायदा २००५ साली झाला. अर्जुनी मोरगाव येथील भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तर तलावाचा आणखी एक विसरलेला वारस शोधून काढला. शेताला पाणी देणारा तलाव मासेही देत असे, आणि ते ढिवर समाजाचे उपजीविकेचे साधन होते. बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजाने आणि बेशरम नावाच्या तणाच्या झाडोऱ्याने ते बिघडले. स्थानिक माशांच्या जाती दिसेनाशा झाल्या. मंडळाने ढिवर मच्छीमारांच्या संस्थांना बरोबर घेऊन बेशरम उपटविले, तळातली जमीन तयार करविली आणि पूर्वी तलावात असणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावविल्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने अंडी घालतो आणि कोणती वनस्पती किती खोल पाण्यात तग धरते, याविषयीचे ज्ञान ढिवरांच्या जुन्या पिढीजवळ शाबूत होते. त्यांना कोणी ते विचारले नव्हते. आता झाडोरा काढण्याची आणि लागवडीची कामे बव्हंशी त्या समाजातील स्त्रियाच करतात, आणि जेथे हे काम नेटाने चालले तेथे देशी मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले आहेत.